जिमखान्याच्या पावतीचा जमाखर्च

गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. गिरगाव-लालबागकडील मंडळांची एक चांगली रीत आहे: वर्गणी घेतली की अहवालात जमाखर्च छापायचा. मूर्ती, मंडप, रोषणाई अशा बाबींचे आकडे वर्गणीदाराच्या हाती पडतात. त्याच वस्तीतला मुलगा महाविद्यालयात प्रवेश घेताना ‘जिमखाना’ म्हणून एक रक्कम भरतो. तिचे पुढे काय झाले, हे त्याला सहसा कळत नाही.

याचा अर्थ हिशेब ठेवला जात नाही असा नव्हे. महाविद्यालये चालविणाऱ्या बहुतेक संस्था सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या असतात आणि १९५० च्या कायद्यान्वये त्यांचे हिशेब तपासले जातात. परंतु खर्चाला पावती असणे निराळे आणि तो खर्च कोणासाठी झाला हे सांगणे निराळे. दुसऱ्या प्रश्नाला ‘क्रीडा व जिमखाना’ या एका ओळीत उत्तर मिळत नाही.

फुटबॉलचेच उदाहरण घ्यावे. अकरा खेळाडू व काही राखीव, असा अठरा-वीस जणांचा संघ. बूट, गणवेश, चेंडू यांचा खर्च सहज दिसतो. पण परळ-दादरसारख्या दाट वस्तीत खरी दुर्मिळ वस्तू म्हणजे मोकळे मैदान. त्याचे भाडे अनेक खेळांत विभागलेले असते. क्रीडाशिक्षकाचा पगार वेतनाच्या शीर्षाखाली जातो. त्यामुळे संघाचा खरा खर्च झाकला जातो आणि मुलींच्या वाट्याला काय आले, तेही उमगत नाही. हजारोंनी भरलेला पैसा वीस जणांवर खर्च होणे कदाचित योग्यही असेल. पण ते पारखायला आकडे हवेत.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा प्रचंड उलाढालीचा व्यवहार आहे, जरी तो खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा असला. तेथे १९९४ मध्ये झालेल्या कायद्याने मुलांच्या व मुलींच्या संघांचा उत्पन्न-खर्च दरवर्षी जाहीर करणे महाविद्यालयांवर बंधनकारक झाले. तरी एक अडचण उरलीच. सामाईक खर्च कोणत्या खेळाच्या नावे मांडायचा, याबाबत प्रत्येक संस्थेची पद्धत वेगळी. म्हणून दोन महाविद्यालयांचे आकडे शेजारी ठेवले तरी तुलना फसवी ठरते. आकडे प्रसिद्ध होणे पुरेसे नाही, मोजण्याची रीतही एक हवी, हा त्यातला धडा.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमान्वये, शासकीय पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थांनी माहिती आपणहून जाहीर करावयाची असते. विद्यापीठाने एका पानाचा नमुना ठरवून द्यावा: खेळ, खेळणारी मुले व मुली, प्रत्यक्ष खर्च, सामाईक खर्चातील वाटा. वर्षअखेरीस तो सूचनाफलकावर लागावा. वर्गणीदाराला जो मान मिळतो तो विद्यार्थ्याला मिळावा, ही अपेक्षा अवाजवी खासच नाही.