मेणबत्तीत जळतं ते मेण

वीज गेली की काडेपेटी आणि मागच्या वेळची अर्धवट उरलेली मेणबत्ती यांची शोधाशोध सुरू होते. मिळाली, की मेणाचे चार थेंब टेबलावर नाहीतर फ्रिजवर पाडायचे आणि त्यांत तिला उभी करायची. इतक्या सवयीच्या वस्तूबद्दल आपले समज मात्र बरेच कच्चे आहेत.

गैरसमज : जळते ती वात. मेण नुसतं तिला धरून ठेवतं.

उलट आहे. ज्योतीच्या आचेनं मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि पेटते ती ही वाफ. खात्री करायची तर मेणबत्ती विझवा आणि वर जाणाऱ्या धुराच्या रेघेला लगेच जळती काडी लावा. ज्योत धुरावरून झरकन खाली येऊन वात पेटवते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या नाताळात मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांत हाही प्रयोग होता. बाजारातलं बहुतेक मेण पॅराफिन, म्हणजे खनिज तेलातून निघालेलं. थोडक्यात, टेबलावर आपण घट्ट झालेलं इंधन उभं करतो.

गैरसमज : मेणानं पेट घेतला तर पाणी ओतावं.

सगळ्यांत घातक समज हाच, आणि तो दिवाळीच्या आसपास जास्त महागात पडतो. हल्ली घरोघरी पणत्यांत मेण ओतायची हौस आहे. मेण गॅसवर थेट ठेवलं, तेवढ्यात फोन आला, आणि मेण तापत तापत पेटलं. अशा वेळी पाणी टाकलं तर ते मेणापेक्षा जड असल्यानं तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती सुमारे सतराशे पट फुगते. वर येताना ती जळतं मेण छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, पातेल्यावर झाकण सरकवा आणि पूर्ण निवेपर्यंत झाकण उचलू नका. पेटलेलं पातेलं उचलून मोरीकडे धावणं तर नकोच. मुळात मेण वितळवायचं ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून. पाणी आहे तोवर मेण शंभर अंशांच्या वर तापत नाही. पाणी आटू देऊ नका, एवढंच.

गैरसमज : सोयाच्या किंवा मधमाशीच्या मेणाला काजळी नसते.

असते. वात लांब झाली किंवा ज्योत वाऱ्यानं हलत राहिली की कुठलंही मेण काजळी धरतं. पेटवण्यापूर्वी वात पाऊण सेंटिमीटरच्या आत कापा आणि मेणबत्ती पंख्याखाली ठेवू नका. पडद्यापासून, पुस्तकांपासून निदान हातभर अंतर हवं. खाली प्लास्टिक नको, स्टीलची ताटली ठेवा.

गैरसमज : काचेच्या ग्लासातली मेणबत्ती संपेपर्यंत जळू द्यायला हरकत नाही.

तळाशी बोटभर मेण उरलं की विझवा. त्यापुढे ज्योतीची धग थेट तळाच्या काचेला बसते आणि काच तडकते. विझवतानाही जोरात फुंकू नका, वितळलेलं मेण उडतं. आजीला फुंकरीनं दिवा मालवलेला चालायचा नाही. तिची कारणं वेगळी होती, पण इथं ती बरोबर होती.

गैरसमज : वाढदिवसाची मेणबत्ती म्हणजे खेळणं.

केकवर फुलबाजीसारखी ठिणग्या उडवणारी जी असते तिच्यात शोभेची दारू असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये तळवडे इथं अशाच मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागून अनेक महिला कामगारांचा जीव गेला. त्यात भर म्हणून आपण पेटलेल्या मेणबत्तीभोवती फेसाचा फवारा मारतो. तो डब्यातून बाहेर ढकलणारा वायू बहुधा ज्वलनशील असतो, आणि वाढदिवस ज्याचा, त्याचाच चेहरा ज्योतीसमोर असतो. मला विचाराल तर दोन्हींपैकी एकही विकत घेऊ नका.

अंगावर गरम मेण पडलं तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका. नळाच्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि कातडीला चिकटलेलं मेण ओढून काढू नका.

आणि अंधारात गॅसचा वास आला, तर मेणबत्ती पेटवू नका, विजेचं बटणही दाबू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचून राहतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग फोन लावा. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१.