नदींतील शिंपला व त्याचा संसार

उन्हाळ्यांत नदीचें पाणी ओसरलें म्हणजे डोहाच्या कांठीं ओल्या वाळूंत नांगराच्या तासासारखी एक बारीक रेघ दिसते. गुरें पाण्यावर नेणाऱ्या वाचकांनीं ती पाहिली असेलच. ती जेथें संपते तेथें चार बोटें उकरलें असतां शिंपला हातीं लागतो. संथ पाण्यांतल्या आपल्या नेहमींच्या काळसर शिंपल्यास लामार्क ह्या फ्रेंच पंडितानें १८१९ सालीं शास्त्रीय नांव दिलें; हल्लीं तें लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस असें लिहितात.

त्याचीं दोन शकलें पाठीकडे लवचिक बिजागरीनें जोडलेलीं असतात. बिजागरी तीं उघडूं पाहते; आंतील दोन बळकट स्नायू तीं मिटून धरतात. म्हणून मेलेला शिंपला आपोआप उघडा पडतो. चालतांना तो फटींतून कुऱ्हाडीच्या पात्यासारखा मांसल पाय काढून वाळूंत रोवतो, पायाचें टोक रक्त भरून फुगवितो आणि अंग पुढें ओढतो.

त्यास डोकें नाहीं, डोळे नाहींत. मागील टोंक वाळूबाहेर ठेवून तो खालच्या वाटेनें पाणी आंत घेतो व वरच्या वाटेनें सोडतो. मध्यें कल्ल्यांची चाळण असते. शेवाळाचे कण तोंडाकडे जातात, उरलेला गाळ चिकट होऊन तळाशीं पडतो, व पाणी निवळतें.

खरें नवल पिलांचें आहे. मादी अंडीं आपल्या कल्ल्यांतच जतन करते. मोहरीहूनही पुष्कळ लहान अशीं पिलें पाण्यांत सुटलीं कीं त्यांस मासा गांठावा लागतो. माशाच्या कल्ल्यास किंवा परास चिकटून, त्याच्या कातडीखालीं राहून तीं रूप पालटतात व मग तळाशीं गळतात. प्रवाहाविरुद्ध वरच्या डोहापर्यंत जाण्यास त्यांस हेंच वाहन. मासा न मिळाला तर पिलूं थोड्याच दिवसांत मरतें. म्हणून सुरुंग उडवून डोहांतले मासे संपविले, तर वांचलेले थोर शिंपले कांहीं वर्षें दिसत राहतात, नवा मात्र एकही दिसत नाहीं. गांवकरी समजतात, शिंपले आहेत, सर्व ठीक आहे.

वाळूच्या लिलावाचे कागद आम्हीं नोकरींत असतां पुष्कळ लिहिले. त्यांत वाळूचें माप असे, रक्कम असे. वाळूंत राहणाऱ्यांसाठीं रकाना नव्हता, व तो असावा असें आम्हांसही तेव्हां सुचलें नाहीं.

यंदा पाणी ओसरल्यावर आपल्या डोहाकांठीं बोटाच्या पेराएवढे शिंपले सांपडतात कीं नाहीं, एवढें वाचकांनीं पहावें. पाहून झाल्यावर ते होते तेथेंच उथळ पाण्यांत ठेवावे. रोवण्याची जरूर नाहीं, पाय त्यांस आहे.