देवडीवरचे दप्तर

इ. स. २०११ च्या जानेवारीत इंटेलने 'सँडी ब्रिज' पिढीचे प्रोसेसर बाजारात आणले आणि त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १ मार्च रोजी, एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसवरील एसएसडी ड्राइव्हांशी बोलण्याची रीत ठरविणाऱ्या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. परंतु ज्या ड्राइव्हांसाठी हे मानक रचले गेले ते सामान्य ग्राहकाच्या हाती पडण्यास २०१५ साल उजाडावे लागले, आणि मधल्या काळात जे असंख्य मदरबोर्ड घडले, विकले गेले व देशोदेशींच्या घरांतून, कचेऱ्यांतून आणि शाळांच्या प्रयोगशाळांतून स्थिरावले, त्यांपैकी बहुतेकांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, या नवागताची नोंद कोणी केलीच नाही. प्रस्तुत लेख त्या राहून गेलेल्या नोंदीविषयी, आणि ती मागाहून स्वहस्ते करून घेणाऱ्या खटपटी लोकांविषयी आहे.

व्याधीचे लक्षण मोठे विलक्षण आहे. एच६१ किंवा झेड७७ चिपसेटचा एखादा जुना संगणक घ्यावा, एम.२ ड्राइव्ह पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसविणारे एक साधे अ‍ॅडॉप्टर कार्ड आणावे आणि नवा ड्राइव्ह त्यावर चढवून यंत्र नेहमीप्रमाणे जुन्या हार्ड डिस्कवरून सुरू करावे, म्हणजे विंडोज वा लिनक्स त्या ड्राइव्हास तत्काळ ओळखते आणि त्यावर भराभर लिहू-वाचू लागते. कारण लिनक्सने २०१२ साली आणि विंडोजने ८.१ या आवृत्तीपासून एनव्हीएमईशी बोलण्याची विद्या अंगभूत करून घेतली आहे. मात्र तीच ऑपरेटिंग सिस्टीम त्या नव्या ड्राइव्हावर स्थापून, जुनी डिस्क काढून घेऊन यंत्र चालू केले, की बूट करण्याजोगे साधन सापडत नाही असे उत्तर पडद्यावर येते. जे उपकरण क्षणापूर्वी उत्तम चालत होते, त्याचे अस्तित्वच यंत्र नाकारते.

वेगाचा फरक थोडा नव्हे. साटा जोडणीची मर्यादा सेकंदास ६०० मेगाबाइट असून प्रत्यक्षात ५५० च्या आसपास हाती लागतात. उलट पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांवरूनही २,००० मेगाबाइट वाहू शकतात, आणि २०१२ च्या 'आयव्ही ब्रिज' प्रोसेसरांनी तिसरी पिढी आणल्यावर ही मर्यादा जवळजवळ दुप्पट झाली. शिवाय साटा ड्राइव्हांसाठी प्रचलित असलेली एएचसीआय पद्धती, एका वेळी ३२ आज्ञा मावतील अशी एकच रांग मांडते, तर एनव्हीएमईच्या मानकात सुमारे ६५ हजार रांगांची आणि प्रत्येक रांगेत तितक्याच आज्ञांची तरतूद आहे. जुन्या यंत्राच्या अंगी हा वेग पेलण्याचे सामर्थ्य पहिल्या दिवसापासून होते. उणीव होती ती निराळ्याच ठिकाणी.

ती कोठे होती हे समजण्यासाठी, कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षरे उमटेपर्यंतच्या काही सेकंदांत यंत्राच्या अंतरंगात काय घडते ते सावकाश पाहिले पाहिजे. वीज मिळताच प्रोसेसर आपली पहिली आज्ञा चार गिगाबाइटच्या पत्त्याखालील शेवटच्या १६ बाइटांतून उचलतो, आणि हा पत्ता ज्या चिपेकडे वळविलेला असतो ती नखाएवढी, आठ पायांची फ्लॅश चिप म्हणजेच बायोसचे निवासस्थान होय. या काळातील मदरबोर्डांवर तिची धारणशक्ती बहुधा चार किंवा आठ मेगाबाइट असते. त्या क्षणी मुख्य स्मृती अजून जागी झालेली नसते, यास्तव प्रोसेसर आपल्या पोटातील कॅश हीच तात्पुरती स्मृती मानून काम आरंभितो, मग रॅमच्या पट्ट्या तपासून कार्यरत करतो, आणि त्यानंतर डीएक्सई नावाचा टप्पा येतो, ज्यात चिपेत दाबून भरलेले ड्रायव्हर, म्हणजे एकेका उपकरणाशी बोलण्याची रीत जाणणारे छोटे प्रोग्राम, उलगडून परस्परांच्या गरजांच्या क्रमाने कामावर रुजू केले जातात. त्यांतील एक जण प्रत्येक खाचेपाशी जाऊन तेथील उपकरणास त्याचा वर्ग विचारतो, आणि एनव्हीएमई ड्राइव्ह इमानाने ०१-०८-०२ असा आपला सांकेतिक क्रमांक सांगतो.

जुन्या वाड्याच्या देवडीवरील कारकुनाने आल्या पाहुण्याचे नाव-गाव लिहून घ्यावे, त्यास बसावयास जागाही द्यावी, परंतु याचे काम कोणत्या खात्याकडे याचा दाखला दप्तरात नसल्याने त्यास आत मात्र सोडू नये, तसा हा प्रकार घडतो. बायोस त्या ड्राइव्हास पत्ता देतो, साधनसामग्रीही वाटून देतो. पण त्याच्यावरील मजकूर वाचणारा ड्रायव्हर जवळ नसल्याने पुढील सारी साखळी, म्हणजे विभागणी वाचणे, ईएफआय विभाग शोधणे, त्यातील बूट फाइल स्मृतीत आणणे, ही खुंटते. एरवी ऑपरेटिंग सिस्टीम मागाहून येऊन आपल्या दप्तराच्या आधारे त्या पाहुण्यास आत घेते. परंतु येथे ऑपरेटिंग सिस्टीमच त्या पाहुण्याच्या बोचक्यात बांधलेली असते.

मग उपाय सरळ आहे: तो एक ड्रायव्हर चिपेत घालावा. हा उपाय शक्य झाला याचे श्रेय एका जुन्या निर्णयाकडे जाते. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी आणला तेव्हा त्याचा बायोस अवघ्या आठ किलोबाइटांचा होता, आणि त्याच्या वंशजांत नवे काही घालणे म्हणजे घट्ट विणलेल्या असेंब्ली भाषेतील मजकुरात ढवळाढवळ करणे होय. १९९८ च्या सुमारास इंटेलने आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी ही जुनी वहिवाट सोडून ईएफआय नावाची नवी रचना हाती घेतली, २००५ साली तिचा कारभार अनेक कंपन्यांच्या यूईएफआय फोरमकडे गेला, आणि या रचनेत प्रत्येक काम निराळ्या, ओळखक्रमांक असलेल्या मॉड्यूलमध्ये विभागले गेले. त्याहून महत्त्वाचे असे की, या रचनेचा गाभा इंटेलने २००४ मध्येच सर्वांस खुला केला. तेव्हापासून 'टियानोकोअर' या प्रकल्पात वाढत गेलेल्या त्या संग्रहात पुढे एनव्हीएमईचा ड्रायव्हरही आला, आणि जुन्या बायोसमध्ये आज जे मॉड्यूल बसविले जाते ते त्याच्याच कुळातले असते. त्या काळच्या असंख्य मदरबोर्डांवरील बायोसची मूळ बांधणी अमेरिकन मेगाट्रेंड्स या कंपनीची असते. १९८५ साली एस. शंकर आणि पॅट सर्मा यांनी जॉर्जिया राज्यात स्थापिलेल्या या कंपनीचे मोठे विकासकेंद्र चेन्नईस आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नसते.

प्रत्यक्ष कृती अशी. उत्पादकाने दिलेली बायोसची अखेरची फाइल घ्यावयाची, अमेरिकन मेगाट्रेंड्सच्याच 'एमएमटूल' नावाच्या अवजाराने अथवा 'यूईएफआयटूल' या मुक्त साधनाने ती उघडावयाची, डीएक्सई ड्रायव्हरांच्या विभागात, तेथील शेवटच्या मॉड्यूलनंतर, एनव्हीएमईचे मॉड्यूल बसवावयाचे, आणि फाइल साठवून पुन्हा उघडून मूळ फाइलीशी ताडून पाहावयाची. कारण काही अवजारे आपल्या मतीने मधली रिकामी जागा सरकवितात, आणि अशा सरकविलेल्या जागेपायी यंत्र कायमचे मुके होऊ शकते. मॉड्यूल असते किलोबाइटांच्या दोन आकड्यांत मावणारे. तरीही चार मेगाबाइटांच्या चिपेत तेवढीही जागा उरलेली नसते, तेव्हा दाबून लहान केलेली आवृत्ती वापरतात. काम साधले की बायोसच्या यादीत 'पाटा एसएस' असे विचित्र नाव उमटते, ज्याचा ड्राइव्हाच्या खऱ्या नावाशी काडीमात्र संबंध नसतो. जाणकार मात्र ते नाव दिसताच सुस्कारा टाकतात. ड्राइव्हाची विभागणी जीपीटी पद्धतीची असली पाहिजे, आणि सिस्टीम यूईएफआय पद्धतीने स्थापिलेली असली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

अवघड प्रकरण पुढेच आहे, ते म्हणजे बदललेला बायोस चिपेत लिहिणे. उत्पादकाची साधने बहुधा अशी फाइल स्वीकारीत नाहीत, कारण तिच्यावरील सहीची रुजुवात होत नाही. काही मदरबोर्डांवर पेनड्राइव्हातून थेट चिपेत लिहिण्याची कळ असते, काहींवर तर दोन बायोस चिपा असतात आणि एक बिघडल्यास दुसरी जामीन राहते; ज्यांच्यावर यांपैकी काहीच नाही त्यांच्यासाठी सीएच३४१ए या चिनी चिपेवर आधारलेला स्वस्त प्रोग्रामर आणि आठ पायांना पकडणारा चिमटा, हीच शेवटची तजवीज. या प्रोग्रामरच्या सर्रास मिळणाऱ्या काळ्या आवृत्तीत एक खोड आहे: फ्लॅश चिपेस ३.३ व्होल्ट हवे असता हिच्या संदेशवाहक तारांवर पाच व्होल्ट येतात, आणि पुढच्या काळातील कित्येक चिपा तर १.८ व्होल्टांवर चालतात. म्हणून लिहिण्यापूर्वी चिपेवरील क्रमांक भिंगाने वाचावा, मूळ मजकूर दोनदा उतरवून दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या असल्याची खात्री करावी, आणि ती प्रत जपून ठेवावी. कारण यंत्राचा अनुक्रमांक, नेटवर्कचा पत्ता, तयार संगणकांत विंडोजच्या परवान्याची किल्लीसुद्धा, याच चिपेत असते, आणि दुसऱ्याच्या यंत्रावरून आणलेली फाइल आंधळेपणाने लिहिणारा आपल्या यंत्राची ओळख पुसून बसतो.

येथपर्यंत प्रश्न कौशल्याचा होता. यापुढे तो अधिकाराचा होतो. बायोसवर कोणीही लिहू शकतो ही स्थिती धोक्याची आहे, यात शंका नाही. तैवानातील एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी जगभरच्या यंत्रांत या चिपांवर कचरा लिहून ती निर्जीव केली होती, आणि २०१८ साली ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी जागचा न हलणारा 'लोजॅक्स' हा घुसखोर नेमक्या याच चिपेत दडलेला आढळला. २०१३ च्या 'हॅसवेल' पिढीपासून इंटेलने 'बूट गार्ड' आणला, ज्यात उत्पादकाच्या किल्लीचा ठसा चिपसेटमध्ये कायमचा जाळून कोरला जातो आणि ठशाशी न जुळणारा आरंभीचा मजकूर यंत्र चालविण्यासच नकार देते. ही मोहोर एकदा उठली की ती मालकास काढता येत नाही, उत्पादकासही नाही. तथापि २०२३ मध्ये एमएसआय कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि चोरीस गेलेल्या दप्तरांत बूट गार्डच्या खाजगी किल्ल्याही असल्याचे संशोधकांना आढळले. म्हणजे ज्या कुलपापुढे यंत्राचा धनी हतबल, त्याची किल्ली चोराच्या हाती. कुलूप असावे हे मला मान्य आहे. परंतु उत्पादकाने मदत थांबविल्यानंतर त्या कुलपाची मुखत्यारी धन्याकडे यावी, निदान तो एक ड्रायव्हर तरी अखेरच्या आवृत्तीत घालून द्यावा, इतकी अपेक्षा अवाजवी म्हणता यावयाची नाही.

उत्पादकाचा बचाव असा की जुन्या चिपसेटवर हे सारे तपासून देण्याचा खर्च परवडत नाही. या बचावास भारतीय बाजारानेच परस्पर उत्तर देऊन ठेवले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जेथे जुने प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या आणि दुरुस्तीचे सुटे भाग यांची देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, तशा बाजारांतून २०११ चाच एच६१ चिपसेट वापरून नव्याने बांधलेले आणि एनव्हीएमईची खाच मिरविणारे स्वस्त मदरबोर्ड अलीकडे विकले जातात. चिपसेट तोच, जुने प्रोसेसरही तेच. फरक एवढाच की यांच्या बायोसमध्ये ते मॉड्यूल आरंभापासून आहे. जे काम नामांकित कंपन्यांना खर्चाचे वाटले ते अल्प नफ्यावर चालणाऱ्या कारखान्यांनी सहज उरकले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर जवळजवळ नाहीतच. तेव्हा २०११ ते २०१३ ची ही यंत्रे एका घोषणेसरशी भंगाराच्या वाटेला लागली. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निघाला आणि त्यांपैकी चौथा हिस्साही नोंदणीकृत मार्गाने पुनर्वापरात गेला नाही, हे लक्षात घेतले तर लिनक्स घालून ही यंत्रे आणखी काही वर्षे राबविणाऱ्यांचा उद्योग छंदापुरता मर्यादित राहत नाही.

इतके लिहूनही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या यंत्रात आज फिरणारी हार्ड डिस्क आहे त्याने प्रथम साधा साटा एसएसडी बसवावा. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवे ते अक्षर डोक्याखाली येण्यास सरासरी चार मिलिसेकंद नुसते फिरण्यात जातात, डोके सरकविण्याचा वेळ निराळा. एसएसडीस एकूण मिळून त्याचा अल्पांशच लागतो, आणि जाणवणारा बहुतेक फरक तेथेच पडतो. त्यापलीकडील वेग ज्यास मोठे चित्रपट संकलित करावयाचे आहेत वा अनेक आभासी यंत्रे एकदम चालवावयाची आहेत त्याच्या उपयोगाचा.

ज्यांचा मदरबोर्ड २०११ च्याही मागचा, शुद्ध जुन्या बायोसचा, त्यांच्या चिपेत हे मॉड्यूल बसवावयास जागाच नाही, कारण डीएक्सई हा टप्पाच तेथे नाही. त्यांनी पेनड्राइव्हावर 'क्लोव्हर' नावाचा बूटलोडर ठेवून त्याच्याकरवी एनव्हीएमईचा ड्रायव्हर चढवावा, किंवा लिनक्सची बूट फाइल साटा डिस्कवर ठेवून उर्वरित संसार नव्या ड्राइव्हावर न्यावा. आणखी एक आडवाट आहे: २०१५ च्या सॅमसंग ९५० प्रो या ड्राइव्हाने जुन्या बायोसला समजेल असा बूटचा मजकूर स्वतःच्याच अंगावर वागविला होता, त्यामुळे तो बायोस न बदलताही अशा कित्येक यंत्रांत थेट सुरू होतो, पुढच्या ९६० प्रोमध्ये ती सोय राहिली नाही, आणि म्हणून जुन्या यंत्रांचे जाणकार वापरलेला ९५० प्रो कोठे मिळतो का याची चौकशी अजून करीत असतात.