द्राक्षमद्याचे तळघर : बांधणी आणि शोभा

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की मद्यपानाचा पुरस्कार करावा असा येथे हेतू नाही. आपल्या राज्यात मद्य बाळगायला परवाना लागतो आणि किती बाळगावे यालाही मर्यादा आहे. परंतु ज्याने आयुष्यात थेंबालाही स्पर्श केला नाही आणि पुढेही करणार नाही, त्यानेसुद्धा विचार करावा असा एक प्रश्न या विषयात दडलेला आहे. लवकर बिघडणारी एक वस्तू, कोणतेही यंत्र नसताना, युरोपातील माणसांनी घराच्या पोटात वीस-वीस वर्षे कशी सांभाळली? आणि तशीच खोली आज आपल्याकडे कोणी हौसेने बांधली, तर ती तेच काम करील काय?

ही विद्या जुनी आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात घरबांधणीचे नियम लिहिले. त्यात तो सांगतो, की मद्याच्या कोठाराला उजेड उत्तरेकडून घ्यावा. अन्य दिशेने घेतल्यास उन्हाने मद्य तापून बिघडते. तेलाच्या कोठाराला मात्र त्याने दक्षिणेची ऊब सांगितली आहे. एकाच घरातल्या दोन कोठारांना दोन दिशा! वस्तूचा स्वभाव आधी ओळखायचा आणि मग भिंत उभारायची, हे सूत्र त्या दोन वाक्यांत आले.

द्राक्षमद्याचा, म्हणजे आपण ज्याला सर्रास वाइन म्हणतो तिचा, स्वभाव असा की बाटलीत बूच मारल्यावरही तिच्यातील घडामोडी थांबत नाहीत. आम्ले, मद्यार्क, रंगद्रव्ये आणि तुरट द्रव्ये यांच्यात फार मंद अशी देवघेव चालू राहते. ती मंद राहिली तर चव मुरते. उष्णतेने तिला घाई झाली तर चव करपते. लुई पाश्चर याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मद्याच्या मुरण्यातील प्राणवायूचा भाग दाखवून दिला. अगदी थोडा प्राणवायू मुरण्यास मदत करतो, पुष्कळ शिरला तर मद्य नासते. तळघराचे सारे काम या एका वाक्यात मावते : घडामोडी थांबवायच्या नाहीत, फक्त त्यांना घाई करू द्यायची नाही.

यासाठी साधारण बारा-तेरा अंश सेल्सिअस उष्णतामान उत्तम मानतात. पण आकड्याहून महत्त्वाची आहे ती स्थिरता. उष्णतेने द्रव फुगतो आणि बुचाला बाहेर रेटतो. थंडीने आकसतो आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढतो. रोज असे होऊ लागले, तर बाटली जणू श्वास घेऊ लागते, आणि त्या श्वासानेच मद्य मरते.

ही स्थिरता जमीन देते. दिवस-रात्रीचा फरक हात-दोन हात खोलीवरच विरून जातो. उन्हाळ्या-हिवाळ्याची लाट अधिक खोल जाते, पण जाता जाता दुबळी होते आणि उशिरा पोचते. म्हणून काही मीटर खोल तळघर भर उन्हाळ्यात तापत नाही. त्याला त्याचा उन्हाळा भेटतो तो शरद ऋतूच्या सुमारास, आणि तोही सौम्य होऊन. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. अठराव्या शतकात लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने करवून घेतलेला तापमापक तेथे बसविण्यात आला. वर बर्फ पडो की ऊन, पारा बारा अंशांच्या किंचित खाली जवळजवळ निश्चल राहिलेला निरीक्षकांना दिसला.

आता येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. खोल जमिनीचे उष्णतामान हे बहुधा त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी उष्णतामानाइतके असते. पॅरिसची सरासरी अकरा-बारा अंशांच्या आसपास, म्हणून तेथील माणसाने घराखाली खोदले की मद्याला हवे तेवढेच गार कोठार त्याला आयते मिळाले. पुण्याची सरासरी सुमारे पंचवीस अंश. आपल्या जुन्या वाड्याच्या तळघरात वैशाखात उतरले की अंगाला गारवा वाटतो खरा. पण तो बाहेरच्या चाळीस अंशांच्या मानाने. तापमापक लावला तर तो पंचविसाच्या आसपास राहील. आपली जमीन स्थिरता देते, थंडावा देत नाही. नाशिकच्या बाजूस गेल्या शतकाच्या अखेरीपासून द्राक्षमद्याचे जे कारखाने निघाले, त्यांना यंत्राने गार केलेल्या टाक्या आणि खोल्या वापराव्या लागतात, त्याचे कारण हेच. तेव्हा फ्रेंच तळघराची कमानदार प्रतिकृती आपल्याकडे बांधून भागत नाही. रूप आणता येते, कारण आणता येत नाही.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगतो. बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच आतून ओले राहते आणि आकसत नाही. अठराव्या शतकात बाटल्यांचा आकार लांबट नळीसारखा झाला आणि त्या एकीवर एक आडव्या रचता येऊ लागल्या. तेव्हापासून घरोघरी दीर्घकाळ साठवणे सोपे झाले. हवेत दमटपणा साधारण साठ ते पंचाहत्तर टक्के असावा. त्याहून कोरडी हवा बुचाला सुकविते, आणि फार ओल असली तर कागदी चिठ्ठ्या कुजतात. उजेड नको, विशेषतः सूर्यप्रकाशाने मद्यातील गंधकयुक्त घटकांत फरक पडून वाईट वास येतो. पुष्कळ बाटल्या हिरव्या काचेच्या करतात त्या याचसाठी. हादरे नकोत, आणि उग्र वासही नकोत. कांदे-बटाटे, रॉकेल, ताजा रंग यांना त्या खोलीत थारा देऊ नये.

बांधणारा पहिला प्रश्न विचारतो तो जागेचा. नेहमीच्या बाटलीचा व्यास सुमारे आठ सेंटिमीटर आणि लांबी तीस. दर बाटलीस दहा सेंटिमीटरचे घर धरले, तर एक चौरस मीटर मांडणीत शंभर बाटल्या बसतात. भरलेली बाटली सव्वा किलोच्या वर भरते, म्हणून पाचशे बाटल्यांचे ओझे साडेसहाशे किलोच्या आसपास जाते. मांडणी भिंतीत पक्की रोवलेली हवी, आणि लाकडाला उग्र रोगण नको. जागा स्वयंपाकघर, पाण्याचा पंप आणि सांडपाण्याचा नळ यांपासून दूर, शक्य तर उत्तरेस निवडावी. उष्ण प्रदेशात यंत्राने खोली गार ठेवायची असेल, तर भिंती, छत आणि दार यांना उष्णता अडविणारा जाड थर द्यावा, आणि वाफ अडविणारा पडदा त्या थराच्या बाहेरच्या, म्हणजे उबदार बाजूस घालावा. हे उलटे झाले, तर पावसाळ्यातील दमट हवा भिंतीत शिरते, थंड भागात पोचताच तिचे पाणी होते, आणि दोन-चार पावसाळ्यांत भिंत आतून सडते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ही चूक फार महाग पडते.

दुसरा धोका जिवाचा आहे. युरोपच्या खेड्यांत द्राक्षाचा रस घरीच, तळघरात आंबवीत. आंबताना कर्बद्विप्राणिल वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि खाली उतरलेला माणूस पाहता पाहता कोसळतो. म्हणून हातात मेणबत्ती धरून उतरण्याची चाल पडली. आपल्याकडच्या पेवांची गोष्ट वेगळी नाही. ज्वारीच्या बंद पेवात धान्य आणि किडे प्राणवायू संपवून टाकतात. त्यामुळेच कीड मरते आणि धान्य टिकते. पण तीच हवा पेव उघडताच घाईने उतरणाऱ्याचा प्राण घेते. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. दिवा विझला तर उतरू नये हे खरे; पण दिवा जळतो म्हणून हवा निर्धोक, असे मात्र समजू नये. आधी मोकळी हवा खेळू द्यावी. अशा हवेची पारख करणारे उपकरण आज मिळते, ते वापरावे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ सालच्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि हळदीची नासाडी झाली. जमीन वस्तू सांभाळते, पण तिच्यात पाणी कोठून येईल हे आधी पाहिले पाहिजे. मद्याच्या तळघरालाही हाच नियम.

आता शोभेविषयी. हौशी माणूस काचेची भिंत लावतो, प्रखर दिवे सोडतो, बाटल्या दिसाव्यात म्हणून उभ्या मांडतो आणि भिंतीला चकाकणारा रंग देतो. अशी खोली पाहुण्यांना आवडते. जिच्यासाठी बांधली ती वस्तू मात्र तिच्यात हळूहळू नासते. तळघराची खरी शोभा त्याच्या कामातून येते. विटांची कमान सुंदर दिसते, कारण ती वरच्या घराचा भार पेलते. भुईवरची खडी शोभते, कारण तिच्यावर पाणी शिंपडले की हवेत ओल राहते. मंद, न तापणारा दिवा, तोही माणूस आत असेपर्यंतच. जाड लाकडी दार. एक साधे मेज. आणि भिंतीवर तापमापक. एवढ्यात सारी सजावट संपते. ज्याला नक्षी हवी असेल त्याने ती दारावर कोरावी. बसून गप्पा मारायची जागा बाहेर असावी. माणसाच्या अंगाची ऊबही त्या खोलीला जड जाते.

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन १७८४ ते १७८९ फ्रान्समध्ये होते. मॉन्टिसेलो येथील त्यांच्या घरात मद्याचे तळघर भोजनगृहाच्या खालीच आहे, आणि शेगडीच्या दोन्ही अंगांना बाटली वर ओढून घेणारे लहान पाळणे बसविले आहेत. युक्ती सुरेख, तळघराचे दार वारंवार उघडावे लागत नाही. परंतु ते घर गुलामांच्या श्रमावर चालत होते, आणि मालक १८२६ साली वारला तो मोठे कर्ज मागे ठेवून. कोणत्याही घराचे तळघर पाहताना वर कोण राबते आणि पैसा कोठून येतो, हेही विचारायला हवे.

शेवटी एक गोष्ट. बहुतेक मद्ये थोड्या वर्षांत प्यावीत अशीच केलेली असतात; तळघर वाइटाचे चांगले करीत नाही. म्हणून शहाणा मालक मेजावर एक वही ठेवतो. काय आले, केव्हा आले, केव्हा उघडले, कोण जेवायला होते, हे तो लिहितो. इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक जॉर्ज सेंट्सबरी यांनी अशाच वहीच्या आधारे १९२० साली एक पुस्तक लिहिले. मद्य संपून जाते, वही उरते. आपल्या आजीच्या लोणच्याच्या बरणीवरही सालाची चिठ्ठी असे, आणि बरणी अंधाऱ्या फडताळात, ओला हात न लावता ठेवलेली असे. तिने व्हिट्रुव्हिअस वाचला नव्हता. पण वस्तूचा स्वभाव ओळखून तिला जागा द्यावी, हे तिला ठाऊक होते. आपल्या घरात मद्याचे तळघर असो वा नसो, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.