जिस्पाचा जादा मुक्काम

मनालीहून लेहला एकटाच गाडी घेऊन निघालो होतो. जिस्पाला, सुमारे 3200 मीटरवर, डोके ठणकू लागले, अन्नावरची वासना उडाली. ढाबेवाला म्हणाला, सरचूला तंबू मिळतील. मी हललो नाही. विरळ हवेचा त्रास थोडा असेल तर तिथेच थांबावे, वाढला तर खाली उतरावे. पण सरचू 4300 मीटरच्या आसपास. तिथून परतायचे तर आधी 4890 मीटरची बारालाचा खिंड चढायची, पुढची लाचुलुंग तर त्याहून उंच! मेंदूला सूज आली की तोल जातो, भान सुटते. सोबत्याच्या ते ध्यानात येते. एकट्याला कोण सांगणार? मी पावलाला पाऊल जोडून सरळ चालून पाहत होतो. तिसऱ्या सकाळी डोके उतरले, पराठे गोड लागले. मगच गाडी काढली.