रुई आमची, कापड परगावचे

दिवाळीत घरोघर नवे कापड येते. दुकानदार थान उलगडतो, गृहिणी पोत चाचपते, मुले रंगावरून भांडतात. पण यातला कापूस कुठला, हे कोणी विचारीत नाही. आम्हां चांदूर बाजारकरांना ते विचारण्याचा थोडा हक्क आहे. दसरा उलटला म्हणजे शिवारात पऱ्हाटीची बोंडे फुटतात आणि कापसाच्या गाड्या जिनिंगच्या वाटेला लागतात.

मी पडलो मराठी शिकविणारा. पण हा हिशेब मलाही समजतो. एक क्विंटल कापूस रेचला की सुमारे ३४ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते, ढेप गाईम्हशींच्या पुढ्यात जाते. रुईची १७० किलोंची गाठ आवळली की आमचे काम सरले! पुढचे सूत, विणाई, रंगाई, शिलाई सारे परगावी, आणि दर पायरीला वाढणारे मोलही तिकडेच.

उलट इचलकरंजी पाहा. तिच्या शिवारात ऊस. कापूस येतो बाहेरून. पण १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी उद्योगाला आश्रय दिला, आणि पुढे गल्लोगल्ली माग खडखडू लागले. चार-आठ मागांचा धनी सुताला कांजी स्वतः देत नाही. सायझिंगवाला जवळच असतो. माग अडला तर मिस्त्री हाकेच्या अंतरावर, सुटा भाग पलीकडच्या दुकानात. मोठ्या गिरणीला हे सारे पदरी बाळगावे लागते. येथे अवघे गावच गिरणी झाले आहे. लहान कारखानदार मोठ्यापुढे टिकतो तो या शेजारावर.

अर्थात तेथेही सारे गोड नाही. पुष्कळ मागवाले 'खर्चीवाले' आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच, यांची नुसती मजुरी. मंदीचा पहिला घाव त्यांच्यावरच पडतो. शेजार मिळाला, पण बाजार दुसऱ्याच्याच हाती राहिला.

आमच्याकडे मुंबईची फिनले मिल अचलपुरात आली होती. २०२० च्या टाळेबंदीत तिची चाके थांबली. एकाच गिरणीवर विसंबलेल्या घरांचे काय होते, ते परतवाड्याच्या बाजारात कोणीही सांगेल.

आता नांदगाव पेठेजवळच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या समारंभात झाली. सुतापासून शिवलेल्या कपड्यापर्यंत सारे एका जागी, अशी ही योजना. बेत उत्तम! मात्र तेथे नुसते मोठेच कारखानदार बसले, तर आमचे जिनवाले पूर्वीसारखे गाठी पाठवीत राहतील, एवढेच. चार जिनवाल्यांनी एकत्र येऊन कचरा काढलेली, प्रतवार लावलेली रुई थेट सूतगिरणीला विकली, तर भावाची बोलणी तरी बरोबरीने होतील.

माझ्या वर्गातल्या दोघी मुली घरी ब्लाउज शिवून फी भरतात. परवा तासानंतर थांबून त्यांनी विचारले, "सर, नांदगाव पेठेला शिलाईचे काम निघाले, तर इथून सकाळची एसटी मिळेल ना?"