आजीच्या मोगऱ्याच्या काड्या

बडोद्यात दांडिया बाजाराजवळचं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा भांडी, कपाटं, देवघर कुणाकडे जाणार याची यादी झाली. यादी वाचून झाल्यावर आजीने एकच विचारलं, "आणि माझा मोगरा?"

मागच्या अंगणातला हा बटमोगरा आजीने लग्नानंतर शेजारणीकडून काडी आणून लावलेला. इतक्या वर्षांत त्याचं खोड भिंतीच्या विटांत असं रुतलं होतं, की मुळासकट निघणार नाही असं माळ्याने सांगून टाकलं. बी लावायचीही सोय नव्हती, कारण भरगच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला बी जवळजवळ धरतच नाही. आपल्या दारातला मोगरा बहुतेक वेळा कुणीतरी कुणाला दिलेल्या काडीतूनच आलेला असतो. मीही छाट कलम करायचं ठरवलं.

पहिल्यांदा सपशेल फसलो. मे महिन्यात कळ्यांनी भरलेल्या आठ काड्या तोडल्या, पानांसकट कुंडीत खोचल्या आणि ऊन मिळावं म्हणून गच्चीवर ठेवल्या. वर रोज एखादी उपसून मुळं फुटली का तेही पाहिलं. दहा दिवसांत सगळ्या वाळल्या. आजी म्हणाली, "अरे, तिला तोंडच नाही अजून, पाणी पिणार कशी?"

खरं कारण तेच होतं. काडीला मुळं नसतात, पण पानांतून पाणी उडत राहतं. कळ्या उरलंसुरलं अन्न खातात. शेंड्याकडे तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली सरकत कापलेल्या टोकापाशी साठतं आणि तिथे मुळं फुटतात. त्याला वेळ लागतो. काडी सारखी हलवली तर कोवळी मुळं तुटतात.

जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, पुन्हा बसलो. या वेळी असं केलं:

• फार कोवळी नाही आणि फार जून नाही, अशी निरोगी फांदी निवडली. मूळ झाडाचा रोग काडीतही येतो.
• १२ ते १५ सेंटिमीटरच्या, तीन-चार पेरांच्या काड्या धारदार कात्रीने कापल्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. त्यामुळे काडी उलटी लागत नाही.
• खालची पानं आणि सगळ्या कळ्या काढल्या. वरची दोन पानं निम्मी कापली.
• खालचं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवलं. नर्सरीत ती मिळते. मोगऱ्याला ती नसली तरी चालतं, पण यशाची शक्यता वाढते.
• निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. शेणखत नाही, कारण ओल्या खतात काडी कुजते.
• वरून प्लास्टिकची पिशवी सैल झाकली, कुंडी सावलीत ठेवली आणि माती फक्त ओलसर राखली.

आणि मुख्य म्हणजे हात लावला नाही. नवी पानं दिसली म्हणून फसू नका. काडी साठवलेल्या अन्नावरही पालवते. पाच-सहा आठवड्यांनी हलकेच ओढून पाहिलं, तर काडी मातीला धरून होती. बारांपैकी सात जगल्या.

सगळ्या स्वतःकडे ठेवायच्या नाहीत, हे मला माझ्या नोकरीने शिकवलंय. ज्याची एकच प्रत आहे ते कधीतरी जातंच. तीन कुंड्या आमच्या गॅलरीत, दोन इंदूरला आत्याकडे, दोन काकांकडे गेल्या. हिवाळ्यात आमच्यातल्या दोन मेल्या, तेव्हा या वाटणीचं महत्त्व कळलं.

दिवाळीनंतर घर पडलं, मोगराही ढिगाऱ्याखाली गेला. आजी त्या दिवशी तिकडे आली नाही.

एप्रिलमध्ये गॅलरीतल्या कुंडीत पाच कळ्या आल्या. मी म्हटलं, "आजी, नव्या झाडाची पहिली फुलं." तिने ओंजळ नाकाशी नेली आणि म्हणाली, "नवं कसलं? हा तोच आहे."

विज्ञानही हेच सांगतं. काडीतून आलेलं झाड हे मूळ झाडाचं मूल नसतं, ते तेच झाड असतं.

तुमच्याही जुन्या घराच्या अंगणात असं एखादं झाड असेल, तर घराचा निर्णय होईपर्यंत थांबू नका. येत्या पावसात दहा-बारा काड्या लावा आणि निम्म्या वाटून टाका.